पहिला हंगाम : बॉस्टन सेल्टिक्सच्या चाहत्यांच्या पिढ्या

क्रीडासंघाच्या चाहत्यांची पिढी कशावरून ठरवावी, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो, कारण जन्मसाल पाहिले की माणूस कोणत्या पिढीचा हे सांगता येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु चाहतेपणाच्या बाबतीत हे मोजमाप तोकडे पडते. कार्ल मानहाइम या हंगेरीत जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये पिढ्यांच्या समस्येवर जर्मन भाषेत जो निबंध लिहिला, त्यात असे मांडले आहे की, एकाच काळात जन्म झाल्याने माणसे आपोआप एका पिढीची होत नाहीत. घडत्या वयात ती एकाच ऐतिहासिक अनुभवातून जावी लागतात, आणि त्या वयात मनावर बसलेला अनुभवांचा पहिला थर पुढच्या सर्व अनुभवांचा अर्थ लावण्याची चौकट बनतो. चाहत्याच्या बाबतीत हा पहिला थर म्हणजे त्याने मन लावून पाहिलेला, किंवा रेडिओच्या काळात ऐकलेला, पहिला हंगाम. त्या हंगामात संघ जिंकत होता की हरत होता, संघात कोण होते, सामना कोणत्या माध्यमातून घरात येत होता आणि त्या घरातल्या माणसांना प्रत्यक्ष सामन्याला जावेसे वाटत होते की नाही, यांवर त्याचे पुढचे सारे चाहतेपण उभे राहते, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

त्यासाठी बॉस्टन सेल्टिक्स या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे उदाहरण निवडले आहे. ज्या स्पर्धेला आज नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एनबीए, या नावाने जग ओळखते, ती १९४६ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, तेव्हापासून सेल्टिक्स त्याच शहरात आणि त्याच नावाने खेळत आहे, आणि २०२४ पर्यंत त्याने मिळवलेली १८ अजिंक्यपदे हा लीगमधील विक्रम आहे. संघाचे संस्थापक वॉल्टर ब्राऊन यांनी बॉस्टनमधील मोठ्या आयरिश वस्तीला डोळ्यांसमोर ठेवून हे नाव आणि हिरवा रंग निवडला. डोळा मिचकावणाऱ्या आयरिश बुटक्याचे जे चित्र आजही संघाचे बोधचिन्ह आहे, ते संघाला घडवणारे प्रशिक्षक रेड आउरबाख यांचे बंधू झँग आउरबाख यांनी काढलेले आहे. या नावातच एका समाजाला दिलेले निमंत्रण होते आणि इतरांविषयीचे मौनही होते, ही गोष्ट पुढच्या विवेचनात वारंवार डोके वर काढील.

पहिली पिढी बिल रसेल यांच्या काळातली. रसेल १९५६ मध्ये संघात आले आणि १९६९ मध्ये निवृत्त झाले. या १३ हंगामांत सेल्टिक्सने ११ अजिंक्यपदे मिळवली, त्यांपैकी १९५९ ते १९६६ अशी सलग आठ, आणि शेवटची दोन रसेल हे स्वतः खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत असताना. रसेल यांचे मोठेपण बचावात होते: प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू हवेतच अडवायचा आणि तो प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या मिळवण्याऐवजी आपल्याच सहकाऱ्याच्या हाती पडेल असा वळवायचा, ही त्यांची पद्धत होती, आणि या पद्धतीवर वाढलेल्या चाहत्याला बास्केटबॉल हा पाच जणांनी मिळून खेळायचा, चेंडू हातोहात फिरवायचा खेळ आहे, असे जन्मभर वाटत राहिले. आजच्या खेळाविषयी ही मंडळी जेव्हा नाराजी दाखवतात, तेव्हा त्या नाराजीच्या मुळाशी ही शिकवण असते. तिला वृद्धांची कुरकुर म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल.

या पिढीने संघ मुख्यतः कानांनी अनुभवला. जॉनी मोस्ट या समालोचकाचा घोगरा, उघडपणे पक्षपाती आवाज १९५३ पासून जवळजवळ चार दशके रेडिओवरून न्यू इंग्लंडच्या घराघरांत पोहोचत होता. १५ एप्रिल १९६५ रोजी फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सविरुद्धच्या मालिकेतील सातव्या व निर्णायक सामन्यात सेल्टिक्सकडे ११०-१०९ अशी एका गुणाची आघाडी होती आणि पाच सेकंद उरले होते. चेंडू सेल्टिक्सच्या ताब्यात होता, पण बास्केटखालच्या सीमारेषेबाहेरून तो आत टाकताना रसेल यांच्या हातून फेक चुकली आणि चेंडू बास्केटला आधार देणाऱ्या तारेला लागला. नियमानुसार ताबा फिलाडेल्फियाला मिळाला. एवढा एक चेंडू बास्केटमध्ये गेला असता, तर वर्षभराची मेहनत वाया गेली असती. फिलाडेल्फियाच्या हॅल ग्रीअर यांनी चेंडू आत फेकला, जॉन हॅव्हलिचेक यांनी मागे नजर ठेवून नेमक्या क्षणी झेप घेतली, हाताने चेंडू वळवला आणि तो सॅम जोन्स यांच्याकडे गेला. त्या क्षणी मोस्ट यांनी हॅव्हलिचेक यांनी चेंडू चोरल्याचा जो आरडाओरडा केला, तो इतका लोकप्रिय झाला की त्याची ग्रामोफोन तबकडी निघाली. या प्रसंगाची आठवण सांगणाऱ्या पुष्कळ वृद्ध चाहत्यांनी तो प्रसंग पाहिलेला नाही, ऐकलेला आहे. तरीही त्यांच्या सांगण्यात हॅव्हलिचेक यांची झेप डोळ्यांपुढे उभी राहते, कारण ती त्यांनी मोस्ट यांच्या आवाजावरून स्वतःच रचलेली असते.

या पिढीच्या स्मरणाला मात्र एक काळी बाजू आहे, आणि चाहत्यांच्या निष्ठेच्या कथा सांगताना ती सहसा वगळली जाते. बॉस्टन गार्डन हे नॉर्थ स्टेशन या रेल्वेस्थानकाच्या वर बांधलेले क्रीडागृह बास्केटबॉलच्या सामन्याला १३,९०९ प्रेक्षक सामावून घेत असे. पण लीगमधील दुसऱ्या कोणत्याही संघाला न साधलेली विजयमालिका सुरू असताना नियमित हंगामातील कित्येक सामन्यांना तेथे हजारो खुर्च्या रिकाम्या राहत, आणि त्याच छपराखाली आइस हॉकी खेळणाऱ्या, साठच्या दशकात वर्षानुवर्षे बाद फेरीही न गाठलेल्या ब्रुइन्स संघाला अधिक गर्दी होई. बॉस्टन हे हॉकीचे शहर होते, हे त्याचे एक कारण खरेच आहे. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. सेल्टिक्सने १९५० मध्ये चक कूपर यांची निवड करून लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेत, प्रथमच कृष्णवर्णीय खेळाडू घेतला. २६ डिसेंबर १९६४ रोजी, जखमी टॉम हाइन्सन यांच्या जागी विली नॉल्स यांना घेऊन, लीगच्या इतिहासात पहिल्यांदा पाचही कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीला उतरवले. १९६६ मध्ये रसेल यांना लीगमधील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नेमले. संघ देशाच्या पुढे होता आणि शहर संघाच्या मागे होते. रसेल यांच्या रेडिंग या उपनगरातील घरात घुसून काहींनी नासधूस केली, भिंतींवर वर्णद्वेषी मजकूर लिहिला आणि अंथरुणात विष्ठा टाकली. आपण सेल्टिक्ससाठी खेळलो, बॉस्टनसाठी नव्हे, असे रसेल पुढे म्हणत राहिले, त्यात कटुतेपेक्षा वस्तुस्थितीचाच भाग मोठा होता.

रसेल निवृत्त झाल्यानंतरच्या दशकात हे दुखणे शहराच्या रस्त्यांवर आले. जून १९७४ मध्ये न्यायमूर्ती आर्थर गॅरिटी यांनी बॉस्टनच्या सरकारी शाळांमधील वर्णविभागणी बेकायदा ठरवली. कृष्णवर्णीय व गोऱ्या वस्त्यांतील मुलांना बसने एकमेकांच्या शाळांत पाठवण्याची योजना सप्टेंबरमध्ये अमलात येताच साउथ बॉस्टनमध्ये त्या बसगाड्यांवर दगड पडले. नेमक्या याच काळात, १९७४ व १९७६ मध्ये, सेल्टिक्सने दोन अजिंक्यपदे मिळवली, पण ती आज कोणत्याच पिढीची खास आठवण नाहीत. रसेल आणि लॅरी बर्ड यांच्या मधल्या या संघाला चाहत्यांच्या कथनात दुर्दैवाने दुय्यम जागा मिळाली आहे.

लॅरी बर्ड १९७९ मध्ये खेळू लागले तेव्हा आदल्या हंगामात २९ सामने जिंकलेल्या संघाने एकदम ६१ सामने जिंकले. इंडियाना राज्यातल्या फ्रेंच लिक या लहान गावातून आलेला हा गोरा, अबोल, कष्टाळू खेळाडू बॉस्टनच्या कामगार वस्त्यांना आपल्या घरातला वाटला, आणि डिसेंबर १९८० पासून गार्डनमधले सामने वर्षानुवर्षे सलग हाउसफुल्ल होऊ लागले. १९८१, १९८४ आणि १९८६ ही तीन अजिंक्यपदे या पिढीची शिदोरी. सुरुवातीची स्थिती मात्र आज खरी वाटणार नाही अशी होती: १९८१ च्या अंतिम मालिकेतील काही सामनेसुद्धा देशाच्या बहुतेक भागांत थेट न दाखवता रात्री उशिरा दाखवले गेले. पाच-सहा वर्षांत चित्र पालटले. बर्ड आणि लॉस एंजेलिस लेकर्सचे मॅजिक जॉन्सन यांच्या चुरशीने बास्केटबॉलला दूरचित्रवाणीच्या मुख्य वेळेत नेऊन बसवले, आणि ऐकून घडलेल्या पिढीनंतर पाहून घडलेली पिढी तयार झाली.

तिने काय पाहिले, याचा नमुना म्हणून ८ जून १९८४ चा, अंतिम मालिकेतील पाचवा सामना घ्यावा. गार्डनमध्ये वातानुकूलन नव्हते. त्या रात्री आतले तापमान ९७ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३६ अंश सेल्सिअस होते. लेकर्सचे करीम अब्दुल-जब्बार बाकावर बसून प्राणवायूचा मुखवटा तोंडाला लावत होते, आणि बर्ड यांनी ३४ गुण मिळवून सामना १२१-१०३ असा जिंकून दिला. पायाखालची जमीन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लाकडाची टंचाई असताना ओकच्या उरलेल्या तुकड्यांचे चौकोन जोडून केलेली होती. तिच्यावर काही ठिकाणी चेंडू नीट उसळत नाही आणि त्या जागा सेल्टिक्सच्या खेळाडूंनाच ठाऊक आहेत, असा प्रतिस्पर्ध्यांचा समज होता. उकाडा, गळके छप्पर, अरुंद खुर्च्या यांविषयी या पिढीचे चाहते आजही अभिमानाने बोलतात, आणि १९९५ मध्ये शेजारीच उभ्या राहिलेल्या वातानुकूलित, व्यावसायिक नावाच्या नव्या क्रीडागृहाला त्यांनी कधी मनापासून घर मानले नाही.

पण येथेही पिढी एकसंध नाही. मानहाइम यांनीच सांगितले आहे की, एका पिढीत एकाच अनुभवाला वेगवेगळे प्रतिसाद देणारे गट असतात. ऐंशीच्या दशकातील सेल्टिक्समध्ये गोऱ्या खेळाडूंचे प्रमाण लीगच्या मानाने बरेच अधिक होते, आणि बसगाड्यांवरचे दगड ज्यांनी लहानपणी पाहिले, अशा रॉक्सबरी व डॉर्चेस्टर भागांतील कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांनी, बॉस्टनमध्ये राहूनही, लेकर्सची बाजू घेतली. बर्ड यांनी स्वतः वर्णाचे राजकारण केले नाही. तरी हिरव्या बनियनवर चढलेला अर्थ त्यांच्या हाती राहिला नव्हता. १९८९ मध्ये स्पाइक ली यांनी ‘डू द राइट थिंग’ या चित्रपटात ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय वस्तीत घर घेणाऱ्या गोऱ्या इसमाच्या अंगावर बर्ड यांच्या नावाचा सेल्टिक्सचा पोशाख घातला, तेव्हा प्रेक्षकांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. बर्ड यांच्या काळाच्या आठवणी सांगताना हाउसफुल्ल गार्डनमध्ये कोण होते याबरोबर कोण नव्हते हेही सांगितले गेले पाहिजे.

तिसरी पिढी दुष्काळात वाढली. १७ जून १९८६ रोजी सेल्टिक्सने लेन बायस या तरुणाची ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवड केली आणि दोनच दिवसांनी कोकेनमुळे त्यांचा मृत्यू झाला. २७ जुलै १९९३ रोजी, बॉस्टनच्याच नॉर्थईस्टर्न विद्यापीठातून आलेले संघनायक रेजी लुइस सराव करताना हृदयविकाराने कोसळले आणि गेले. १९९६-९७ मध्ये संघाने ८२ पैकी फक्त १५ सामने जिंकले. या काळात ज्यांचा पहिला हंगाम आला, त्यांच्या डोक्यावर छताला सोळा अजिंक्यपदांच्या पताका लटकत होत्या आणि समोर हरणारा संघ होता; घरातली वडीलधारी मंडळी दर पराभवानंतर बर्ड असते तर काय झाले असते हे ऐकवत होती. मार्च २००० मध्ये एका पराभवानंतर प्रशिक्षक रिक पिटिनो यांनी पत्रकारांना वैतागून सांगितले की बर्ड, केव्हिन मॅकहेल, रॉबर्ट पॅरिश यांच्यापैकी कोणीही आता त्या दारातून आत येणार नाही, आणि आले तरी ते पांढऱ्या केसांचे, म्हातारे झालेले असतील. हे उद्गार बॉस्टनमध्ये चेष्टेचा विषय झाले. प्रशिक्षक म्हणून पिटिनो यांचा काळ अपयशी होता, यात वाद नाही. परंतु दोन पिढ्यांमधली कोंडी इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी मांडली नाही. भूतकाळ हाच त्या वर्षांत संघाचा सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी होता.

म्हणून या पिढीची मापे वेगळी आहेत. २५ मे २००२ रोजी न्यू जर्सी नेट्सविरुद्ध, शेवटच्या चतुर्थांशाच्या आरंभी २१ गुणांनी मागे असलेला संघ पॉल पिअर्स आणि अँटवान वॉकर यांच्या बळावर ९४-९० असा जिंकला. ती मालिका पुढे सेल्टिक्सने गमावली आणि कोणतीही पताका चढली नाही, तरी त्या दुपारची आठवण या पिढीला काही अजिंक्यपदांहून प्रिय आहे. २००६-०७ मध्ये सलग १८ पराभव सोसल्यानंतर केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन आले, आणि १७ जून २००८ रोजी लेकर्सचा १३१-९२ असा धुव्वा उडवून २२ वर्षांनी सतरावे अजिंक्यपद मिळाले. पिअर्स तोवर दहा वर्षे त्या पडत्या काळात संघाबरोबर राहिले होते, म्हणून या पिढीचे प्रेम गार्नेट यांच्यापेक्षाही पिअर्स यांच्यावर अधिक आहे. निष्ठा या शब्दाचा पुरेपूर अर्थ या चाहत्यांना ठाऊक आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

आजच्या तरुण चाहत्यांवर जो आक्षेप घेतला जातो, तो असा की ते संघाचे नसून खेळाडूंचे चाहते आहेत, सामना पूर्ण न पाहता भ्रमणध्वनीवर निवडक क्षण पाहतात, आणि खेळाडू दुसऱ्या संघात गेला की त्याच्यामागे जातात. निरीक्षण म्हणून यात तथ्य आहे. त्याचे कारण मात्र तरुणांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा लीगच्या नियमांत शोधावे, कारण रसेल यांच्या काळातली स्थिरता ही बऱ्याच अंशी सक्तीची होती. १९७६ पूर्वीच्या करारपद्धतीत मुदत संपल्यावरही खेळाडूवर जुन्याच संघाचा हक्क राहत असे. ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने लढवलेल्या दाव्यात त्या वर्षी तडजोड झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने, १९८८ पर्यंत, खेळाडूंना संघ निवडण्याचे खरे स्वातंत्र्य मिळाले. १९८४-८५ पासून लीगने प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा घातली, पण स्वतःचा जुना खेळाडू राखण्यासाठी ती ओलांडण्याची सवलत दिली. या सवलतीला आजही लॅरी बर्ड यांचेच नाव आहे. २०२३ च्या करारात याच्या उलट दिशेने पाऊल पडले. वेतनाची ठरावीक वरची पातळी ओलांडणाऱ्या संघावर केवळ जबर कर नव्हे, तर खेळाडूंच्या देवाणघेवाणीवरही कडक निर्बंध आले. १७ जून २०२४ रोजी, म्हणजे २००८ च्या विजयानंतर बरोबर सोळा वर्षांनी त्याच तारखेला, डॅलस मॅव्हरिक्सला हरवून अठरावे अजिंक्यपद मिळवणारा संघ वर्षभरात मोडला: ज्रू हॉलिडे पोर्टलंडला, क्रिस्तप्स पोर्झिंगिस अटलांटाला आणि अनुभवी अल हॉरफर्ड गोल्डन स्टेटला गेले. मालकीहक्काचे मोलही बदलले. २००२ मध्ये ३६ कोटी डॉलरला विकला गेलेला संघ २०२५ मध्ये ६१० कोटी डॉलरच्या मूल्यांकनाने नव्या मालकांकडे जाण्याचे ठरले. अजिंक्य संघ एक वर्ष टिकत नसताना तरुणाने संघाच्या नावापेक्षा एखाद्या खेळाडूवर जीव लावला, तर त्यात उथळपणा कसला?

शिवाय या तरुणांच्या निष्ठेला स्वतःचे असे एक दीर्घ कथानक लाभले आहे. २०१३ मध्ये पिअर्स आणि गार्नेट यांना ब्रुकलिन नेट्सला देऊन सेल्टिक्सने भविष्यातील ड्राफ्टचे हक्क मिळवले, तेव्हा तिसऱ्या पिढीचे काळीज फाटले. त्याच हक्कांतून २०१६ मध्ये जेलन ब्राऊन आणि २०१७ मध्ये जेसन टेटम आले. हे दोघे एकत्र खेळू शकत नाहीत, एकाला विका, असा धोशा वर्षानुवर्षे चालला होता. तरुण चाहते या दोघांबरोबर वाढले, त्यांच्या पराभवांत रडले आणि २०२४ मध्ये त्यांच्याबरोबर जिंकले. ब्राऊन बॉस्टनमधील कृष्णवर्णीय आणि गोऱ्या कुटुंबांच्या संपत्तीतील दरीविषयी उघड बोलतात आणि त्या दिशेने काम करतात. रसेल यांना ज्या शहराने असे बोलल्याबद्दल उद्धट ठरवले, तेथे आज ब्राऊन यांचे असे बोलणे तरुण चाहत्यांना संघाच्या परंपरेचाच भाग वाटते. शहरही ते राहिलेले नाही: २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्या रहिवाशांचे प्रमाण निम्म्याहून कमी आढळले.

पिढ्यांमधला सर्वांत कडवा वाद मात्र तीन गुणांच्या फेकीवरून होतो. बास्केटपासून ठरावीक अंतरावर आखलेल्या कमानीबाहेरून केलेल्या यशस्वी फेकीला दोनऐवजी तीन गुण मिळतात. एनबीएने हा नियम १९७९-८० मध्ये स्वीकारला, आणि त्या वर्षी दर सामन्यामागे प्रत्येक संघाच्या अशा फेकींची सरासरी तीनहूनही कमी होती. २०२४-२५ मध्ये सेल्टिक्सची सरासरी ४८ च्या वर गेली. ५ मे २०२५ रोजी न्यू यॉर्क निक्सविरुद्ध बाद फेरीच्या सामन्यात सेल्टिक्सने २० गुणांची आघाडी घेतली, तरीही दुरून फेकणे थांबवले नाही. अशा ६० पैकी ४५ फेकी हुकल्या आणि जादा वेळेत १०८-१०५ असा पराभव पत्करावा लागला. जुन्या चाहत्यांना आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले: चेंडू आत न्यायचा, सहकाऱ्याला द्यायचा, धक्का सोसून गुण मिळवायचे, हे सोडून संघ नशिबावर विसंबला. तरुणांचे उत्तर गणिताचे होते: तीनपैकी एक दूरची फेक साधली तरी तीन गुण होतात आणि तितकेच गुण जवळून मिळवायला निम्म्या फेकी साधाव्या लागतात, आणि याच पद्धतीने आदल्या वर्षी अजिंक्यपद मिळाले होते. गणित तरुणांच्या बाजूने आहे. पण हुकणाऱ्या फेकींच्या मालिकेत संघ म्हणून उत्तर शोधण्याची तयारी त्या रात्री दिसली नाही, हे वृद्धांचे म्हणणे गणिताने खोडता येत नाही. या वादात दोन्ही पक्षांना सहसा आठवत नाही ती गोष्ट अशी की एनबीएमधील तीन गुणांची पहिली फेक १२ ऑक्टोबर १९७९ रोजी बॉस्टन गार्डनमध्येच साधली गेली, ती सेल्टिक्सच्या ख्रिस फोर्ड यांनी साधली, आणि बर्ड यांचा एनबीएमधला पहिला सामना तोच होता. ज्या पद्धतीला परकी म्हणून नाके मुरडली जातात, तिचा जन्म त्याच ओकच्या चौकोनांवर झाला.

चाहतेपणाचा वारसा नेहमी वडिलांकडून मुलांकडे येतो, असेही नाही. बॉस्टनच्या उपनगरांत संगणक आणि औषधनिर्मिती क्षेत्रांतील नोकऱ्यांनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत तो उलट वाहताना दिसतो: क्रिकेटवर वाढलेल्या आईवडिलांना २४ सेकंदांच्या आत फेक का करावी लागते, हे शाळेतली मुले समजावून सांगतात. महाराष्ट्रातल्या तरुण चाहत्याला तर घरातून काहीच मिळालेले नसते; बॉस्टनमधला रात्री साडेआठचा अंतिम सामना त्याच्याकडे सकाळी सहाला येतो, शाळा-महाविद्यालयापूर्वी, हातातल्या पडद्यावर. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीला इंडियाना पेसर्स आणि सॅक्रॅमेंटो किंग्ज यांच्यात दोन सामने झाले, ते भारतातले एनबीएचे पहिले सामने. अशा चाहत्याला हॅव्हलिचेक यांची चोरी आणि टेटम यांची फेक एकाच पडद्यावर, एकाच दिवशी भेटतात, आणि त्यामुळे बॉस्टनच्या रहिवाशाला वडिलांच्या पूर्वग्रहासकट मिळणारा इतिहास याला निवडून घेता येतो. यात गमावण्यासारखे थोडे आहे आणि मिळवण्यासारखे पुष्कळ.

या साऱ्या पिढ्यांना सांधणारा माणूस शोधायचा तर तो टॉम हाइन्सन. खेळाडू म्हणून आठ अजिंक्यपदे, प्रशिक्षक म्हणून १९७४ व १९७६ ची दोन, आणि १९८१ पासून माइक गोरमन यांच्याबरोबर स्थानिक दूरचित्रवाणीवर समालोचन. पहिल्या सतराही अजिंक्यपदांशी त्यांचा संघाच्या या ना त्या कामातून संबंध होता. मोस्ट यांच्यासारखेच ते उघड पक्षपाती होते. जिवापाड धडपडणाऱ्या एखाद्या राखीव खेळाडूला ते आपल्या नावाचा गुण बहाल करीत, आणि रसेल यांच्याबरोबर खेळलेल्या माणसाने विशीतल्या मुलाची अशी पाठ थोपटलेली पाहून नातवंडांना आजोबांच्या काळाची मोजपट्टी कळत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये हाइन्सन गेले. गोरमन २०२४ च्या अजिंक्यपदाच्या हंगामानंतर निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणसे आली आहेत, पण तो दुवा आला नाही.

रसेल आणि बॉस्टन यांच्यातले अंतर मात्र पिढ्या बदलल्या म्हणूनच कमी झाले. १९७२ मध्ये त्यांचा सहा क्रमांक निवृत्त करण्याचा, म्हणजे पुन्हा कोणाला न देण्याचा, समारंभ त्यांच्याच आग्रहावरून प्रेक्षकांना आत सोडण्यापूर्वी, मोजक्या सहकाऱ्यांसमोर उरकला गेला. मे १९९९ मध्ये तोच समारंभ नव्या क्रीडागृहात भरगच्च प्रेक्षकांसमोर पुन्हा झाला, जुने प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन त्याला आले, आणि लोकांनी उभे राहून केलेला टाळ्यांचा कडकडाट थांबता थांबत नव्हता. त्या गर्दीतल्या बऱ्याच जणांचा जन्म रसेल यांच्या निवृत्तीनंतरचा होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये शहराच्या सिटी हॉलसमोर त्यांचा पुतळा उभा राहिला. जुलै २०२२ मध्ये ते गेले, आणि त्यानंतर लीगने सर्वच संघांसाठी सहा क्रमांक निवृत्त केला. रसेल यांना खेळताना पाहण्याचे भाग्य ज्यांना लाभले, त्यांनी खुर्च्या रिकाम्या ठेवल्या. ज्यांना ते लाभले नाही, त्यांनी देणे फेडले. निष्ठेची परीक्षा घेण्याचा अधिकार जुन्या पिढीने स्वतःकडे घ्यावा, इतका तिचा हिशेब स्वच्छ नाही.

१९५७ च्या पहिल्या अजिंक्यपदाच्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आता ऐंशीच्या घरात आली आहेत. सामन्यांचे गुणफलक जपलेले आहेत, खेळाडूंच्या मुलाखती आहेत, मोस्ट यांचा आवाज आहे. प्रेक्षकांच्या आठवणी मात्र पद्धतशीर गोळा करण्याची निकड अजून पुरेशी जाणवलेली दिसत नाही. क्रीडेतिहासाच्या अभ्यासकांनी हे काम आता हाती घ्यावे, आणि ते करताना गार्डनमध्ये गेलेल्यांइतकेच त्या वर्षांत रॉक्सबरीत घरी बसून लेकर्सचा विजय चिंतणाऱ्यांचेही म्हणणे नोंदवून ठेवावे, ही विनंती.